सात सामने, चौदा मतं

२१ एप्रिल २०१२च्या रात्री पुणे वॉरियर्सनं दिल्लीच्या संघाला दिल्लीत जाऊन हरवलं. चाळिशीला टेकलेल्या सौरव गांगुलीनं ४१ धावा काढल्या, वर केविन पीटरसनचा त्रिफळा उडवला आणि सामनावीराचं बक्षीसही खिशात घातलं. सात सामने, चार विजय. एरवी कुठल्याही गावानं एवढ्यावर पेढे वाटले असते. पुण्यात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वती चढून आलेल्या मंडळींपैकी कुणी, दम खाता खाता, "आता बघा, इथून उतार" असं म्हटलं नसेल तरच नवल.

उतार लागलाच. उरलेले नऊच्या नऊ सामने संघ हरला आणि नऊ संघांत नववा आला.

या पडझडीचं पुणेकराला वाईट वाटलं का? वाटलं तर. पण आपण हे एप्रिलमध्येच सांगितलं होतं, याचं समाधान त्या वाईट वाटण्याला पुरून उरलं. कोलकात्याचा प्रेक्षक संघ हरला की रडतो, चेन्नईचा हरला तरी शिट्ट्या वाजवतो, मुंबईचा शेवटच्या लोकलची वेळ बघतो. पुण्याचा प्रेक्षक मत देतो. आणि मत द्यायला हंगामाच्या मध्यासारखी वेळ नाही. पहिल्या सामन्यानंतर बोलावं तर तो नुसता अंदाज होतो. शेवटच्या सामन्यानंतर काय, शेंबडं पोरही बोलतं. निम्मे सामने झाले की पुरावा पुरेसा जमलेला असतो आणि तोंडघशी पडण्याची भीती बेताची असते. प्रशिक्षक त्या दिवशी वार्ताहरांना सांगत असतो की अजून अर्धी स्पर्धा बाकी आहे. पुण्यात निकालपत्र लिहून, सही करून, वर "मी तर आधीच म्हणत होतो" असा शेराही मारून झालेला असतो.

असं निकालपत्र लिहिण्याची पहिली संधी पुण्याला २०११मध्ये मिळाली. त्याआधी मार्च २०१०मध्ये सहारा समूहानं पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना घेतला होता. तेव्हाच्या भावानं सुमारे १,७०० कोटी रुपये. आयपीएलमध्ये तोवर कुणी एका संघासाठी एवढी रक्कम मोजली नव्हती. दुसऱ्या गावाची छाती या आकड्यानं फुगली असती. पुणेकराचा पहिला प्रश्न होता, "एवढे दिले कशाला?" दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा होता: यात आपलं काय? मालक लखनौचे. कर्णधार युवराज सिंग चंडीगढचा. प्रशिक्षक जेफ मार्श ऑस्ट्रेलियाचे. आणि घरचं मैदान नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, कारण गहुंज्याचं काम अजून चालू होतं. म्हणजे संघ पुण्याचा, आणि तो पाहायला पुणेकरानं घाट उतरून नवी मुंबई गाठायची. डेक्कन क्वीननं जाऊन यावं म्हटलं तर परतीची गाडी मुंबईहून संध्याकाळी पाच दहाला सुटते. तेव्हा रात्रीच्या सामन्याची नाणेफेकसुद्धा झालेली नसते. त्या वर्षी संघात अस्सल पुणेरी असं एकच काही होतं, ते म्हणजे त्याच्यावरची टीका.

संघानं पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे सात सलग हरले. पहिल्या दोन विजयांनी हुरळून ज्यांनी टी-शर्ट विकत घेतले, त्यांना ते पुढे रंगपंचमीला कामी आले.

२०१२मध्ये संघ घरी आला. गहुंज्याच्या स्टेडियमचं उद्घाटन शरद पवारांच्या हस्ते १ एप्रिलला झालं. तारखेवरून जे विनोद व्हायचे ते झालेच. वास्तू देखणी होती. मायकेल हॉपकिन्स यांच्या लंडनच्या कंपनीनं आखलेली, द्रुतगती मार्गावरून जाताना डोळ्यांत भरणारी. अडचण एवढीच की गहुंजे मावळ तालुक्यात. पेठेतल्या माणसाचं पुणं लकडी पुलाशी संपतं, डेक्कनला तो पाहुणा म्हणून जातो. त्याला सामन्यासाठी देहूरोडच्या पलीकडे जायला सांगणं म्हणजे तीर्थयात्रेचाच प्रकार. गाडी लावायची एकीकडे, चालायचं दुसरीकडे, आणि बसायचं बहुतेक उघड्यावर, एप्रिलच्या उन्हात. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमची आठवण काढत तो तिथे पोचायचा. नेहरू स्टेडियम कसं हाकेच्या अंतरावर! १९९६च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून क्रिकेटच्या जगाला धक्का दिला तो तिथेच, २९ फेब्रुवारीला. "आम्ही तो सामना पाहिलाय," असं सांगणारे पुणेकर आज मोजले तर स्टेडियमला आणखी दोन मजले चढवावे लागतील.

असो. त्या हंगामाची सुरुवात खरोखर झोकात झाली होती. कर्करोगावरच्या उपचारांमुळे युवराज नव्हता, कर्णधारपद गांगुलीकडे होतं, आणि पहिल्याच सामन्यात वानखेडेवर १२९ धावा काढून संघानं मुंबईला २८ धावांनी हरवलं. मुंबईला मुंबईत हरवणं हे पुण्याच्या दृष्टीनं स्पर्धा जिंकण्याच्या अगदी जवळ जाणारं काम. ते पहिल्याच दिवशी उरकल्यामुळे पुढे काय करायचं हा प्रश्न पडला असावा. बंगळुरूविरुद्ध शेवटच्या षटकात २१ धावा वाचवायच्या होत्या, त्या वाचल्या नाहीत. सौरभ तिवारीनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. पुढे दिल्लीतला तो विजय, आणि मग नऊ पराभवांची रांग.

त्या रांगेतला ५ मेचा पराभव खास होता. ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध पुणे, म्हणजे दादाच्या, गांगुलीच्या, गावात दादाविरुद्ध सामना. अर्धं बंगाल शाहरुखच्या संघाकडे, अर्धं दादाकडे. आपल्या संघासाठी एवढा मोठा जमाव गळा काढून ओरडताना पुणेकरानं पहिल्यांदा पाहिला, आणि तो जमाव बंगालीत ओरडत होता. पुणे ७ धावांनी हरलं. कोलकात्यात कुणाला हसावं, कुणाला रडावं कळेना. पुण्यात ती अडचण नव्हती. तिथे विषय हा होता की एवढं प्रेम असलेला माणूस खेळायला सातव्या षटकात आला असता तर बरं झालं असतं की आलाच नसता तर.

२०१३बद्दल थोडक्यात. तीन कर्णधार झाले: अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर, आरॉन फिंच. स्टेडियमवरचं सहाराचं नाव उतरलं. पुन्हा चार विजय, बारा पराभव, नऊ संघांत आठवा क्रमांक, आणि याला पुणेकरानं न हसता "सुधारणा" म्हटलं. मे महिन्यात पैशांच्या वादातून मालकांनी हात वर केले आणि ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळानं संघच मोडीत काढला.

मधला एक दिवस मात्र थोडक्यात आटपता येत नाही. २३ एप्रिल २०१३, बंगळुरू. ख्रिस गेलनं पुण्याच्या गोलंदाजीवर ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. १३ चौकार, १७ षटकार, शतक ३० चेंडूंत. बंगळुरूच्या २६३ धावा झाल्या. गोलंदाज संपले, उपाय संपले, तेव्हा कर्णधार फिंचनं स्वतः चेंडू हातात घेतला आणि एका षटकात २९ धावा देऊन तो परत केला. सामान्य माणूस या सामन्यात गेल बघतो. पुणेकरानं दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला धावफलक चष्मा लावून वाचला आणि बोट एका ओळीवर ठेवलं: भुवनेश्वर कुमार, ४ षटकं, २३ धावा. "बघा, व्यवस्थित टाकणारे टाकतातच." समोर वणवा पेटलेला असताना त्यातल्या न जळलेल्या झाडाचं नाव सांगणं, ही नजर सगळ्यांना नसते.

आणि खरं तर या शहराला अशा प्रसंगातून सुटण्याचा मार्ग ठाऊक असायला हवा होता, कारण तो पुण्यातच शोधला गेला होता. डिसेंबर १९४८. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी करंडक. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तेव्हाचा विक्रम डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. दहा धावा काढल्या की विक्रम निंबाळकरांचा. विश्रांतीची वेळ झाली आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी विचार केला की असल्या विक्रमात आपलं नाव यायला नको. त्यांनी सामना सोडला, सामान आवरलं आणि संघ घेऊन ते स्टेशनकडे निघाले. निंबाळकर ४४३वर राहिले ते राहिलेच. बंगळुरूला गेल १००वर असताना पुण्याच्या संघालाही हा मार्ग मोकळा होता. पण आयपीएलमध्ये जाहिराती घेतलेल्या असतात. मधूनच स्टेशनकडे निघता येत नाही.

दोन वर्षांच्या शांततेनंतर पुण्याला पुन्हा संघ मिळाला, आणि यावेळचा सौदा अस्सल पुणेरी होता. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली; त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ हवे होते. बोली उलटी लागायची, म्हणजे मंडळाच्या तिजोरीतून जो कमीत कमी मागेल त्याला संघ. कोलकात्याच्या संजीव गोएंका यांच्या समूहानं उणे १६ कोटींची बोली लावली. आम्हाला काही नको, वर तुम्हालाच १६ कोटी देतो. पाच वर्षांपूर्वी ३७ कोटी डॉलर आणि आता उणे १६ कोटी रुपये! शून्याच्या खालची किंमत लागलेला संघ हा पुण्याचा मानबिंदू व्हायला काहीच हरकत नव्हती. पण कट्ट्यावर त्याचाही हिशेब लागला: "उणे दहातसुद्धा मिळाला असता. राजकोट नाही का गेलं तेवढ्याला?"

कर्णधार महेंद्रसिंह धोनी. पहिला सामना वानखेडेवर, ९ एप्रिल २०१६, मुंबईवर ९ गडी राखून विजय. (पहिल्या सामन्यात मुंबईला हरवायचं आणि मग दमून बसायचं, ही पुण्याच्या संघांची रीतच दिसते.) सात सामन्यांनंतर दोन विजय, पाच पराभव. त्यातला सातवा २९ एप्रिलचा, गहुंज्यात: स्टीव्ह स्मिथनं शतक ठोकलं आणि गुजरातनं शेवटच्या चेंडूवर सामना काढून नेला. तोवर पीटरसन जायबंदी होऊन परतला होता, फाफ डू प्लेसी परतला होता; पाठोपाठ मिचेल मार्श आणि स्मिथही गेले. चार परदेशी खेळाडूंना परवानगी असते, तर चारही जायबंदी, असा काटेकोरपणा.

त्यात दुष्काळ. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागतंय, आणि इकडे मैदानांना पाणी. मुंबई उच्च न्यायालयानं महिनाअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. एक मेचा तेवढा गहुंज्यात होऊ दिला. संघाचं घर विशाखापट्टणमला हललं. निर्णय योग्यच होता, आणि त्याला विरोध करणारा पुणेकर सापडणं कठीण. खडकवासल्याची पातळी तो स्वतःच्या रक्तदाबापेक्षा बारकाईनं बघतो. पण आता घरचा सामना बंगालच्या उपसागराच्या काठी. नेरुळची तक्रार करणाऱ्यांना नियतीनं दिलेलं हे उत्तर होतं. तिथे अॅडम झम्पानं हैदराबादचे ६ गडी १९ धावांत बाद केले, आणि पुणे तो सामना ४ धावांनी हरलं. शेवटच्या सामन्यात धोनीनं अखेरच्या षटकात २३ धावा हव्या असताना त्या काढून दाखवल्या. तोवर मात्र निकालपत्र छापून झालं होतं: सातवा क्रमांक.

मग आलं २०१७, आणि पुणेकर चाहत्याची पंचाईत झाली.

सुरुवात नावापासून. सुपरजायंट्सचं सुपरजायंट केलं, शेवटचं अक्षर कापलं. काटकसर म्हणून पुण्यानं हे मंजूर केलं. धोनीचं कर्णधारपद काढून स्मिथला दिलं, हे मंजूर झालं नाही. त्याचं कारण नुसतं धोनीप्रेम नव्हतं. हंगामाच्या दीडच महिना आधी, फेब्रुवारीत, याच गहुंज्यात ऑस्ट्रेलियानं भारताला कसोटीत ३३३ धावांनी चिरडलं होतं. भारताचे डाव १०५ आणि १०७. स्टीव्ह ओकीफचे दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी, जणू कार्बन कागद घालून काढलेले. आणि त्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर शतक काढणारा एकच माणूस, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्मिथ. मार्चमध्ये बंगळुरूला रिव्ह्यू घेण्याआधी ड्रेसिंग रूमकडे पाहणाऱ्या स्मिथवर सगळा देश संतापलेला होता. आणि ६ एप्रिलला त्याच माणसानं त्याच मैदानावर नाबाद ८४ धावा काढून, शेवटच्या षटकात षटकार मारून, पुण्याला मुंबईवर विजय मिळवून दिला. आता याला आपला म्हणायचं? पुण्यात माणूस आपला व्हायला तीन पिढ्या लागतात. इथे सहा आठवडे झाले होते.

सुदैवानं संघानं लगेच तीन सामने गमावून परिस्थिती ओळखीची करून दिली. दिल्लीकडून तर ९७ धावांनी मार खाल्ला. चारात एक. निकालपत्राची वेळ यायची होती, पण अनुभवी मंडळींनी यावेळी ते लवकर लिहायला घेतलं. इंग्लंडच्या बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले होते, तेव्हा विषयाला तोटा नव्हता.

आणि इथून पुढच्या दहा सामन्यांपैकी संघानं आठ जिंकले.

धोनीनं हैदराबादला शेवटच्या चेंडूवर हरवलं. वानखेडेवर मुंबईला पुन्हा हरवलं, ३ धावांनी. कोहलीच्या बंगळुरूला ९६ धावांवर अडवलं. स्टोक्सनं शतक काढलं. जयदेव उनाडकटनं हैदराबादविरुद्ध अखेरचं षटक निर्धाव टाकलं, त्यातच हॅटट्रिक घेतली. लिलावात कुणीच न घेतलेला इमरान ताहिर मिचेल मार्शच्या जागी आला आणि बळी मिळाला की अर्धं मैदान पळत सुटू लागला. पंजाबचा डाव ७३ धावांत संपला. साखळीत पुणे दुसरं आलं.

पुणेकर चाहता अशा वेळी काय करतो? तो हिशेबाकडे वळतो, कारण भावनेपेक्षा हिशेबात त्याचा हात बसलेला असतो. महाराष्ट्राच्या संघातून आलेला राहुल त्रिपाठी १० लाखांत मिळाला होता. त्यानं ३९१ धावा केल्या. त्यातल्या ९३ एकट्या ईडनवर. म्हणजे धाव पडली साधारण २,५५७ रुपयांना. स्टोक्सच्या धावा ३१६. नुसत्या धावांवर भागलं तर एक धाव जवळजवळ ४ लाख ५९ हजारांची. "पण त्याचे १२ बळीही आहेत की," असं कुणी म्हटलं तर उत्तर तयार असे: बळी जमेला धरा, झेलही धरा, तरी फरक सुटत नाही. शिवाय बाद फेरीच्या तोंडावर तो इंग्लंडला परत गेला, ते वेगळंच. एवढ्या पैशांत, हे म्हणणं मग आपोआप निघायचं, किती त्रिपाठी आले असते? एकशे पंचेचाळीस. आकडा बरोबर आहे, करून बघावा.

क्वालिफायरमध्ये वानखेडेवर मुंबईला तिसऱ्यांदा हरवलं. सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरनं तीन बळी घेतले. आता अंतिम सामना, २१ मे, हैदराबाद, समोर पुन्हा तीच मुंबई. मुंबई ७ बाद ७९. इथे, आणि फक्त इथे, पुण्यातल्या अत्यंत जबाबदार माणसांनीही आशा धरली. मुंबईनं रखडत १२९ केल्या. पुण्याला हव्यात १३०. अजिंक्य रहाणे ४४, स्मिथ ५१, आणि शेवटच्या षटकात ११. मिचेल जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्यावर तिवारी झेलबाद. तिसऱ्यावर स्मिथ झेलबाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, दोन झाल्या, तिसरीसाठी धावताना धावबाद. १२८. एका धावेनं पराभव.

दहा धावांनी हरलेला माणूस विसरतो. एका धावेनं हरलेल्या पुणेकराला आयुष्यभराचं काम मिळतं. ती एक धाव कुठे गेली? धोनीच्या १३ चेंडूंतल्या १० धावांत? स्मिथच्या ५१ धावांना लागलेल्या ५० चेंडूंत? की मुंबईच्या शेवटच्या जोडीला दिलेल्या फुकटच्या धावांत? २०१७ साली हा शोध सुरू झाला आणि तो पुण्यात अनेक घरांत चालू आहे. लग्नसमारंभात तर दोन अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला याच्याइतका खात्रीचा विषय नाही. लेखकाचं स्वतःचं मत विचाराल तर धोनी-स्मिथ या दोन्ही पक्षांचा राग ओढवून घ्यावा लागेल, म्हणून इतकंच: कृणाल पांड्याच्या ४७ धावांचा कुणी उल्लेख करत नाही. समोरच्यानं चांगला खेळ केला, ही शक्यता या चर्चेत कुठल्याच बाजूनं मांडली जात नाही.

आणि मग संघ संपला. हरला म्हणून नव्हे. करारच दोन वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंज्यात आले. चाहते खास रेल्वेनं चेन्नईहून आले, पिवळे शर्ट, शिट्ट्या, ढोल. पुणेकरानं त्यांच्याकडे वाड्याच्या मालकानं नव्या भाडेकरूकडे बघावं तसं पाहिलं: आवाज फार, पण माणसं चांगली. धोनी त्यांच्यात होताच. हा भाडेकरू त्याच वर्षी स्पर्धा जिंकून, करंडक घेऊन, स्वतःच्या घरी निघून गेला. गोएंका समूहानं २०२१मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना घेतला आणि त्याला नाव दिलं सुपर जायंट्स, अक्षर परत जोडून. पुण्यात असताना उणे १६ कोटी, लखनौला गेल्यावर ७,०९० कोटी. बाहेरगावी गेल्यावर माणसाची किंमत वाढते हे पुण्याच्या आयटीवाल्यांना माहीत होतं. संघाचंही तेच असतं हे नवीन.

पुण्याच्या या नशिबात हैदराबादचा काही हात आहे का, याचाही तपास व्हायला हवा. २०१४चा रणजी करंडकाचा अंतिम सामना महाराष्ट्र हरला तो हैदराबादला, कर्नाटकाकडून. आयपीएलचा पुणं हरलं तेही हैदराबादला. एफसी पुणे सिटी हा फुटबॉलचा संघ २०१९मध्ये बंद पडला, त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आली आणि २०२२मध्ये विजेतीही झाली. पुण्याचं जे जे काही, त्याचा शेवट हैदराबादला.

अपवाद कबड्डीचा, आणि तोही हैदराबादलाच घडला. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात, २०१४मध्ये, पुणेरी पलटण तळाला होती. नावातच पुणेरी असल्यामुळे टीका करताना अंगावर येई, म्हणून बरेच दिवस कुणी नीट बघितलंच नाही. दहाव्या हंगामात पलटण साखळीत २२पैकी फक्त दोन सामने हरली. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. बचावाला मोहम्मदरेझा शादलू, इराणचा, २ कोटी ३५ लाखांचा. इराणी म्हटलं की पुण्याला बन-मस्का आणि चहा आठवतो; हा इराणी समोरच्याचे घोटे धरत होता. निम्मा हंगाम झाला तरी दोष सापडेना. मंडळी अस्वस्थ झाली. शेवटी कुणीतरी काढलंच: "फार लवकर फॉर्मात आलेत." १ मार्च २०२४ला पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं. आनंद झाला, खरंच झाला. फक्त तीन गुणांनीच का, एवढं विचारून झाला.

क्रिकेटपुरतं पुणं सध्या दुसऱ्यांच्या संघांतल्या आपल्या मुलांवर भागवतं. केदार जाधव दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद असा सगळीकडे खेळला. पुण्याच्या दोन्ही संघांनी त्याला कधी घेतलं नाही, हा कलमवार आरोपपत्रातला पहिला मुद्दा. दुसरा ऋतुराज गायकवाड. जुन्या सांगवीचा मुलगा, विजय हजारे स्पर्धेत एका षटकात सात षटकार मारणारा, २०२४पासून चेन्नईचा कर्णधार. जून २०२३मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तो पुणेरी बाप्पा या संघाचा कर्णधार होता. पहिला करंडक रत्नागिरीनं नेला, आणि आंब्यानंतर पुण्यानं रत्नागिरीकडून हेही मुकाट्यानं घेतलं.

२०२५च्या आयपीएलमध्ये चेन्नईनं पहिला सामना जिंकला, पुन्हा मुंबईविरुद्धच, आणि पुढचे चार गमावले. तेवढ्यात कोपराच्या दुखापतीनं ऋतुराज स्पर्धेबाहेर गेला, कर्णधारपद परत धोनीकडे आलं, आणि चेन्नई पहिल्यांदाच तळाला राहिली: चौदात चार विजय. पुणे वॉरियर्स ज्यांनी पाहिली होती त्यांना हा चार आकडा जुन्या मित्रासारखा वाटला. अर्ध्या पुण्याचं म्हणणं पडलं की बघा, आमचा मुलगा नव्हता म्हणून ही वेळ आली. उरलेल्या अर्ध्याचं म्हणणं, तो होता तेव्हा पाचात चार कुणी घालवले? पहिल्यांनी त्याची सरासरी काढली, दुसऱ्यांनी त्याची नाणेफेक. डेक्कनच्या एका हॉटेलात हा वाद बिल येईपर्यंत रंगला; मग बिलात एक कॉफी जास्त लावलेली निघाली आणि दोन्ही बाजू एक झाल्या.